उसनी कांडी

मधुकर धकाते गेल्याची बातमी मला एका वाढदिवसाच्या केकखाली मिळाली. आम्हा निवृत्त कर्मचाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सकाळी फुलं, दुपारी देव, संध्याकाळी गुडघेदुखीवरचे काढे, असा त्याचा नेम. त्या दिवशी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता. केकचा फोटो, त्याखाली सगळ्यांच्या टाळ्या, आणि टाळ्यांच्या मधोमध एक ओळ... ‘तो कामठीचा मधुकर, मंगळवारवाला, ऑफ झाला. ऊन लागलं म्हणे.’ त्याखाली दोघांनी हात जोडले. तिसऱ्यानं परत केकला टाळ्या वाजवल्या. मी चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ त्या केककडेच बघत बसलो. गुलाबी होता, वर मोटारगाडी काढलेली होती.

रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. शिसारी आली. सात आठवडे झाले, अजून गेलेली नाही. गेलेल्या माणसावर लिहायचं तर गोड लिहावं, असा आपल्याकडे रिवाज आहे आणि पुरवणीच्या वाचकांनाही रविवारी सकाळी तेच बरं वाटतं. तर मधुकरबद्दल मी गोडच लिहीन, कारण माणूस गोड होता. बाकीच्यांबद्दल लिहिणार नाही. आणि त्या बाकीच्यांत पहिलं नाव माझं आहे.

मी एका सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर तीस वर्षं काढली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी बसेल, आणि चौकशीत नेहमीप्रमाणे एखादा चपराशी मरेल. पेशंट मला ‘गोळीवाले साहेब’ म्हणत. आमच्याकडे मंगळवारी मानसिक आजारांचे पेशंट यायचे... सावनेर, कामठी, उमरेड, कुठून कुठून. तालुक्याच्या गावात गोळी मिळत नव्हती, म्हणून एका गोळीसाठी माणूस एक दिवसाची मजुरी सोडून नागपुरात यायचा. त्या रांगेला अख्खा दवाखाना ‘पागलांची लाइन’ म्हणायचा. मीही म्हणायचो. बायकोला फोन करून सांगायचो, ‘आज पागलांचा दिवस आहे, उशीर होईल, जेवून घे.’ म्हणायचो ते म्हणायचोच.

मधुकर पहिल्यांदा खिडकीशी आला तेव्हा पंचवीस-सव्वीसचा असेल. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात पेन, आणि भर एप्रिलमध्ये पायांत लोकरीचे मोजे. आमच्याकडे नियम होता की मंगळवारचं औषध नातेवाइकाच्याच हातात द्यायचं, पेशंटच्या नाही. मी वर न पाहता विचारलं, “पेशंट कोण?”

“मी.”

“नातेवाईक कुठंय?”

“तो बी मीच आहे जी.”

मी वर पाहिलं. मस्करी करतो आहे असं वाटलं, कारण चेहरा हसरा होता. म्हटलं, असं चालत नाही, घरच्या कुणाला घेऊन ये. तो म्हणाला, “बाप म्हातारा आहे, लूम सोडून त्याले आणलं तर खाऊ काय? बहीण लहान आहे. मी चांगला असतो साहेब, गोळी घेतली की. गोळी नाही घेतली तर मंग आणतो कोणाले तरी, म्हणजे तेच मले आणतीन, बांधून.” मागच्या रांगेतला एक जण हसला. मीही हसलो, आणि त्याच्या कागदावर ‘नातेवाईक’ या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहून गोळ्या दिल्या. तीस वर्षांत मी मोडलेला तो बहुधा एकमेव नियम असावा. पुढं त्याच एका शब्दानं काय केलं ते सांगतोच.

त्या मोज्यांचं कोडं पुढं कधीतरी सुटलं. बाविसाव्या वर्षी त्याचं डोकं पहिल्यांदा फिरलं. हा त्याचाच शब्द, माझा नाही. तेव्हा घरच्यांनी त्याला कुठल्याशा बाबाच्या मठात नेऊन ठेवलं. सव्वा महिना पायात साखळी. घरचे दुष्ट नव्हते. मठ जवळ होता, फुकट होता आणि रोज उघडा असायचा. डॉक्टर लांब होता आणि मंगळवारीच होता. सरकारपेक्षा बाबाची सेवा वक्तशीर, याला काय म्हणायचं? घोट्याभोवतीचा तो काळा वळ मधुकर जन्मभर मोज्यांत झाकत राहिला. पुढं कुण्या शेजाऱ्यानं नागपूरची वाट दाखवली, गोळी लागू पडली, आणि दोन-तीन महिन्यांत हा माणूस परत लूमवर उभा राहिला. साधी पांढरी गोळी हो. दिसायला खडूच्या तुकड्याएवढी.

कामठीत त्याच्या बापाचे दोन माग होते, आधी हाताचे, मग विजेचे. एकदा मी त्याच्या शेडमध्ये गेलो होतो. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, विणकर एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. माझ्यासमोर शेजारच्या मागावरचा माणूस दारात आला आणि त्यानं नुसती दोन बोटं दाखवली. मधुकरनं आपल्या टोपलीतून दोन भरलेल्या कांड्या उचलून त्याच्या हातावर ठेवल्या. कांडी म्हणजे धोट्यात, धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, बसते ती सुताची बारकी रिळासारखी नळी. ती संपली की माग थांबतो. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुझ्याजवळही चारच राहिल्या होत्या, दोन काहून दिल्या? तर मलाच अडाण्यासारखं बघत म्हणाला, “शेजारचा माग बंद पडू द्यायचा नसते साहेब. उसनी देतो, उद्या तो देईन. आमच्याइथं कोणी नाही म्हणत नाही.” कांडीला नाही म्हणणारा माणूस त्या गल्लीत राहूच शकत नाही, असं काहीतरी तो पुढं म्हणाला. मला तेव्हा ते फार छान वाटलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलंही.

हळूहळू मंगळवारी तो एकटा येईनासा झाला. आधी सुमनबाई आल्या. त्या कामठीत भाजी विकायच्या, बाळंतपणानंतर मन बिघडलं ते पुढं तसंच राहिलं. मग बब्बू चाचा आले, त्याच्याच शेजारच्या लूमवरचे. मग आणखी. नऊ जण झाले. सगळ्यांनी मजुरी बुडवून यायचं कशाला, म्हणून मधुकरनं एक कापडी पिशवी शिवून घेतली, निळ्या चौकटीची, स्वतःच्या मागावरचीच, आणि नऊही जणांचे कागद त्यात घेऊन तो पहिल्या शेअर ऑटोनं यायचा. रांगेत पहिला. प्रत्येक कागदावर ‘नातेवाईक’ या रकान्यात त्याचंच नाव, नातं ‘भाऊ’. आमचा नोंदणीवाला एकदा बब्बू चाचांच्या कागदावर अडला. शेखचा भाऊ धकाते कसा, म्हणाला. मधुकर शांतपणे म्हणाला, “लिहा ना जी. दोघायचा माग शेजारी शेजारी आहे.” नोंदणीवाल्यानं लिहिलं. सरकारी दप्तरात त्याहून खरं नातं मी पाहिलेलं नाही.

तो नुसता गोळ्या नेऊन वाटत नव्हता, हे सांगायला हवं. रोज सकाळी नऊ घरांवरून त्याची चक्कर असायची. दारात उभा राहून दोन वाक्यं बोलायचा, माणूस कसा उत्तर देतो ते ऐकायचा आणि पुढं जायचा. सुमनबाईंचा नवरा एकदा माझ्याजवळ म्हणाला होता की ह्या बाईनं पंधरा वर्षांत एक बाजार चुकवला नाही, पोरी शिकल्या, ते ह्या मधूभाऊच्या चकरेवर. नऊ माणसं कामावर होती, नऊ चुली पेटत होत्या. ज्या कामासाठी सरकारनं डॉक्टर, नर्स, समुपदेशक आणि गाडी ठेवायला पाहिजे, ते काम एक विणकर मोजे घालून पायी करत होता, आणि स्वतः त्याच आजाराचा पेशंट होता.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही रांगोळ्या काढत होतो. वर्षातून एकदा मानसिक आरोग्याचा दिवस यायचा, त्या दिवशी रांगोळी स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, आणि मंडपात मोठ्या साहेबांचं भाषण... मानसिक आरोग्य ही काळाची गरज आहे. दरवर्षी काळाची गरज. एका वर्षी फीत कापून समुपदेशन कक्ष उघडला. दारावर पाटी लागली, पितळी अक्षरांची. आत बसायला माणूस कधी आलाच नाही, जागा मंजूर होती पण भरली नव्हती, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्या कक्षात दवाखान्याचे मोडके कूलर आणि वाळ्याच्या जुन्या ताट्या रचल्या गेल्या. किल्ली माझ्याकडे असायची. मी ती पाटी मात्र नेमानं पुसून घ्यायचो, कधी तपासणी आली तर असावी म्हणून.

त्याच वर्षांत गोळीचा साठा आटायला लागला. महिन्याची लिहिलेली असायची, द्यायला पंधरा दिवसांची असायची. कधी तीही नाही. माझ्याजवळ एक रबरी शिक्का होता, ‘उपलब्ध नाही, बाहेरून घ्यावे’. तो शिक्का मी किती कागदांवर उमटवला असेन याचा हिशोब मला नकोच आहे. सर्दीच्या गोळीला शिक्का मारला तर माणूस शिव्या देऊन बाहेरून घेतो. मंगळवारच्या रांगेतला माणूस शिवीही देत नाही. तो कागदाकडे बघतो, घडी घालतो आणि जातो. मी ‘पुढचा’ म्हणायचो.

मी निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत बायको गेली. त्यानंतरचं फार लिहीत नाही. एवढंच लिहितो की मला सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवण्याचं कारण सापडेना. पुण्याहून मुलगी आली, तिनं ओळखलं, आणि मला धंतोलीतल्या एका चांगल्या डॉक्टरकडे नेलं. तिथं बसायच्या खोलीत माशांची काचपेटी होती, गारवा होता, नाव पुकारत नव्हते, एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणायची, ‘सर, या.’ आमच्या खिडकीवर आम्ही नाव आणि आजार दोन्ही ओरडून सांगायचो. डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. गोळी खालच्याच दुकानात, पूर्ण महिन्याची, चकचकीत पाकिटात. शेजाऱ्यांना मी सांगायचो, डोळे दाखवायला जातो. पाच-सहा महिन्यांत मी माणसात आलो. मनाचा आजार त्याचाही आणि माझाही. मला मासे मिळाले, त्याला रांग मिळाली. त्या गारव्यात बसलेलो असताना मला एकदाही मधुकरची आठवण झाली नाही, हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तो मात्र मला विसरला नव्हता. माझं घर इंदोऱ्यात, कामठी रोडपासून आत. दर मंगळवारी परतताना तो, सुमनबाई आणि चाचा माझ्याकडे उतरायचे, चहाला. आता सगळ्यांना यावं लागत होतं, कारण मी गेल्यावर खिडकीवर संगणक आला आणि संगणकाला पेशंट स्वतः पाहिजे, अंगठ्यासकट. भाऊबिऊ चालेना. ज्यांची मजुरी सुटत नव्हती ते येईनासे झाले, आणि येत होते त्यांनाही पंधराच दिवसांच्या गोळ्या. एका मंगळवारी मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तर मधुकर माझ्या जेवणाच्या टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या मांडून बसला होता. धागा कापायची त्याची बारकी कैची हातात. सगळ्या पट्ट्या कापून तो नऊ ढिगल्या करत होता, सारख्या. दहावी ढिगली, त्याची स्वतःची, सगळ्यांत लहान होती.

मी भडकलो. तीस वर्षांची खिडकी अंगात आली. म्हटलं, “अरे वेड्या, ह्या गोळ्या आहेत, कांड्या नाहीत. एकाची दुसऱ्याला चालत नाही, आणि तू स्वतःची वाटून देतोस? तू पडलास तर?”

“वेगळी नाही देत जी. सारखी आहे त्यालेच देतो, नाव वाचून,” तो म्हणाला. “आता आमच्या नवातल्या कल्पनाचं संपलं, तिची मजुरी सुटत नाही. पुढच्या खेपेले आलं की ती मले परत देईन. उसनं आहे.”

“आणि पुढच्या खेपेला आलंच नाही तर?”

त्यानं एक ढिगली पुन्हा मोजली. सुमनबाई म्हणाल्या, “मंग तुमीच द्या ना साहेब पुरं. तुमाले तर सबन दुकानं ठाऊक हायेत.”

खरं होतं. गांधीबागेच्या बाजूच्या ठोक बाजारात अर्ध्या औषधवाल्यांशी माझी ओळख. डॉक्टरांचे कागद पिशवीत होतेच, एक फोन केला असता तर चार महिन्यांचा साठा रीतसर आला असता, आणि माझ्या पेन्शनीला कळलंही नसतं. मी म्हणालो, “बघतो.” हा सरकारी शब्द आहे. ह्या शब्दाला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मी तो माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या टेबलावर, माझा चहा पिणाऱ्या माणसाला वापरला. मग मी खरंच विसरलो. मुद्दाम नव्हे. तेच तर घाण आहे, मुद्दाम नव्हे.

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी फाटकाशी कुणी उभं दिसलं. मधुकर. एकटाच, पिशवी छातीशी धरलेली. म्हणाला, “आज मंगळवार व्हय ना जी?” मी म्हटलं, शनिवार आहे रे. तो हसला, नेहमीसारखं नाही. त्याच्या पायांत मोजे नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो घोट्याचा वळ उघड्यावर पाहिला आणि... मला वाटलं, नवतपा लागतो आहे, वर्षातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, गरम होत असेल. त्याला माठातलं पाणी दिलं, वरून उपदेश दिला, ऊन उतरल्यावर जा म्हणून. दारात बसवून घेतलं असतं, त्याच्या बहिणीला, सिंधूला, फोन केला असता, डॉक्टरांकडे नेलं असतं. तीस वर्षं त्या रांगेसमोर बसलेला माणूस मी. फाटक लावून आत आलो आणि कूलरसमोर झोपलो.

त्यानंतरच्या गुरुवारी तो गेला. सिंधू मला पुढं सांगत होती. महिनाभर तो दर दोन मिनिटांनी माग थांबवायचा. धागा तुटला, म्हणायचा. ती जाऊन पाहायची तर धागा साबूत. “मले वाटलं नजर कमी झाली दादाची, चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हटलं, दादा, सुटीच्या दिवशी जाऊ, डोळे दाखवू,” ती म्हणाली. त्या गुरुवारी सकाळी तो ‘मंगळवार आहे’ म्हणून निघाला. शेअर ऑटोत बसला नाही. ऑटोत कागद चोरतात, म्हणाला. भर नवतप्यात पायी निघाला, कामठी रोडनं नागपूरकडे. आमच्या ह्या रस्त्यावर आता पुलावर पूल आहे आणि त्याच्यावर मेट्रो. त्यातल्या एका खांबाच्या सावलीत तो टेकला, तो उठला नाही. दुपारभर माणसं बाजूनं गेली, दारू पिऊन पडला आहे असं समजून. पोलीस आले तेव्हा छातीवर पिशवी होती. पिशवीत दहा जणांचे दहा कागद. नऊ कागदांवर नातेवाईक मधुकर धकाते, आणि दहाव्यावर, मी लिहिलेला शब्द, ‘स्वतः’. मेलेला माणूस यातला नेमका कोण, आणि कळवायचं कुणाला, हे पोलिसांना संध्याकाळपर्यंत उमगेना. तोवर सिंधू त्याला दवाखान्याच्या बंद खिडकीशी शोधत होती.

कागदावर लिहिलं, ऊन लागलं. आमच्याकडे ऊन फार सोयीचं आहे. त्याची चौकशी करता येत नाही, त्याला निलंबित करता येत नाही. मधुकर उन्हानं गेला नाही. तो पंधरा दिवसांच्या पट्टीनं गेला, ‘बाहेरून घ्यावे’च्या शिक्क्यानं गेला, मोडक्या कूलरनी भरलेल्या त्या खोलीनं गेला, आणि माझ्या ‘बघतो’नं गेला. ऊन शेवटी होतं.

तेरवीनंतर मी कामठीला गेलो. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली, समाजसेवक मधुकरभाऊ.’ मधुकरचा फोटो आधारकार्डावरचा, टिकलीएवढा. बाजूला एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, दारभर मोठा, खाली सात-आठ पोरांचे गॉगलवाले चेहरे. ज्या गल्लीत जन्मभर ‘पागल मध्या’ म्हणाले, तिथं मेल्यावर समाजसेवक झाला.  जिवंत असताना त्याला काय पाहिजे होतं? फ्लेक्स नको होता. कामठीतच, चालत जाता येईल अशा जागी, आठवड्यातून दोन दिवस बसणारा एक डॉक्टर. ऐकून घेणारा एक माणूस. महिन्याला पुरेल एवढी गोळी. आणि न येणाऱ्याच्या घरी जाऊन दार वाजवणारं कुणीतरी, पगारी. ह्याला पैसा नाही म्हणतात. खर्च म्हणतात त्याला. अरे, नऊ माणसं उभी होती एका विणकराच्या चकरेवर, ती त्यांना दिसली नाहीत. पडलेला माणूस मात्र सगळ्यांना दिसतो, कारण त्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढता येतो. धंतोलीत जे मला मिळालं ते त्याला मिळू नये, असा कुणी ठराव केला नव्हता. नुसतं सगळ्यांनी ‘बघतो’ म्हटलं होतं.

सिंधूनं शेडमध्ये नेलं. माग बंद होता, धोटा अर्ध्यावर थांबलेला. खिळ्यावर पिशवी. पोलिसांनी परत केली होती. “तुमी घेऊन जा साहेब,” ती म्हणाली. “सुमनबाईचं औषध संपलं. चाचाचं बी. मले तं लाइनीतलं काही समजत नाही.” पिशवीत कागदांच्या खाली एक शाळेची वही होती. मधुकरचं अक्षर मोठं, लहान पोरासारखं. एका पानावर नावं, आणि प्रत्येक नावापुढं एक-दोन ओळी. मी उभ्या उभ्या वाचलं. ‘सुमनबाई — टोपली उलटी मांडते. तवा समजाचं.’ ‘चाचा — एकटे हसते, लूमचं तेल घालाचं विसरते.’ ‘कल्पना — एकावर एक तीन टिकल्या.’ माणूस बिघडायच्या आधी काय करतो, ते त्यानं प्रत्येकाचं टिपून ठेवलं होतं. आमच्या दवाखान्यात तीस वर्षांत कुणी असं एक पान लिहिलं नाही. पानाच्या शेवटी, नऊ नावांच्या खाली, दहावं नाव होतं. ‘गोळीवाले साहेब — तीन दिस दाढी नाही. गप. काही इचारू नोका. चहा पाजा.’

मी डोळे दाखवायला जातो असं सगळ्यांना सांगत होतो. त्या दिवसांत तो दर मंगळवारी यायचा, मला वाटायचं चहा प्यायला येतो. आता आठवतं, चहा तोच करायचा. मी नुसता बसून असायचो. वही मी मागून पुढून चाळली. अकरावं नाव नव्हतं. मधुकर बिघडायच्या आधी काय करतो, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तो माग थांबवतो, तो मोजे घालत नाही... हे पाहणारी दोन माणसं होती, सिंधू आणि मी. एकीनं चष्मा म्हटलं, एकानं ऊन.

पिशवी आता माझ्या दारामागच्या खिळ्यावर असते. मंगळवारी सकाळी मी ती घेऊन जातो. खिडकीवर नवीन मुलगी आहे, वाईट नाही, पण संगणकापुढं तिचं काही चालत नाही. म्हणून मी वरच्या साहेबांच्या खोलीत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. आता न येऊ शकणाऱ्यांचं औषध माझ्या सहीवर देतात. पंधराच दिवसांचं. उरलेल्या पंधरा दिवसांचं मी ठोक बाजारातून आणतो, बिल घेऊन, कागद दाखवून. इतकं सोपं होतं ते. फोन लावायला मला एक मिनिट लागलं.

गेल्या मंगळवारी रांग हलतच नव्हती. मी पायरीवर बसलो होतो. आदल्या शुक्रवारपासून मला फार बरं वाटत नव्हतं, कारण काही नाही, नुसतंच. सुमनबाई रांगेतून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हनुवटीकडे जरा जास्त वेळ. मग काही न बोलता समोरच्या टपरीवर गेल्या, एक कट चहा आणला आणि माझ्या हातात दिला. बाजूला बसल्या. मी कसा आहे, झोप लागते का, मुलीचा फोन येतो का, एक अक्षर विचारलं नाही. माझा चहा संपेपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

सुमनबाईंना वाचता येत नाही. वही त्यांनी कधी पाहिलेली नाही, ती माझ्याच कपाटात आहे. म्हणजे हे त्यानं त्यांना तोंडीच सांगून ठेवलं होतं.

चहा संपला. रांग तिथंच होती. पेला टपरीवर परत देऊन सुमनबाई आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि मी पिशवीतले कागद काढून त्यांचा सगळ्यांत वर ठेवला.